‘वेडीचं काय ऐकायचं?’

‘‘वेडीचं काय ऐकायचं, सिस्टर? तुम्ही सही घ्या आणि आम्हाला मोकळं करा.’’

२००३ सालच्या पावसाळ्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास एका नवऱ्याने मला हे ऐकवले. मी तेव्हा एका मोठ्या मनोरुग्णालयात स्त्री विभागात परिचारिका होते. बाई तिशीच्या आतबाहेरची. पायात चप्पल नाही, केसांच्या जटा झालेल्या, हात जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधलेले. सोबत नवरा, दीर आणि चुलत सासरा. तिच्या बाजूचे कोणीच नव्हते. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, ‘‘माझ्या जेवणात काहीतरी कालवत्यात. मला मारून टाकणार हायेत.’’ केस पेपरवर नोंद झाली : संशय, भास, आक्रमकता. हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिनचे इंजेक्शन देण्यात आले. ते देणारी मीच होते. बाई झोपली, नातेवाईक शेवटच्या एस.टी.साठी निघून गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डातल्या मावशी आणि मी तिच्या केसांना तेल लावून गुंता सोडवत होतो. डोक्याच्या मागे वेडीवाकडी शिवलेली जुनी जखम बोटांना लागली. मग आंघोळीच्या वेळी मांडीवर आणि दंडाच्या आतल्या बाजूला डागल्याच्या खुणा दिसल्या. काही जुन्या, पांढऱ्या पडलेल्या. दोन ताज्या. मी विचारले, ‘‘हे कोणी केलं?’’ ती म्हणाली, ‘‘आधी भगतानं. मग ह्यांनी. भगताचं बघून शिकले हे.’’ हे सांगताना तिचा आवाज इतका सरळ होता की बाजूच्या खाटेवरची बाई वेणी घालायची थांबली.

पुढच्या आठवड्यात दीर भेटायला आला. मी सहज बोलता बोलता त्याला विचारले, जेवणाबद्दल ही काय म्हणते? तो जराही न कचरता म्हणाला, ‘‘ते व्हय? तालुक्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या, ही घेत नव्हती. मग आम्ही कुटून डाळीत टाकायचो.’’

म्हणजे जेवणात काहीतरी कालवत होते, हे खरे होते. डागले, हे खरे होते. आणि मेलेली सासू नळातून बोलते, पाणी सोडले की शिव्या देते, असेही ती सांगायची. तो आजार होता. तीन गोष्टींपैकी दोन खऱ्या आणि एक आजाराची! पण केस पेपरवर तिन्ही एकाच ओळीत, एकाच शब्दाखाली गेल्या होत्या : ‘संशय’. डॉक्टर वाईट होते असे माझे म्हणणे नाही. सकाळच्या राउंडला शंभराच्या वर बायका आणि डॉक्टर एक, त्यात बाईला ‘झोप लागते का, आवाज येतात का’ यापलीकडे विचारायला सवड कुठली? परंतु ज्या समाजात शहाण्या बाईने ‘नवरा मारतो’ म्हटले तरी ‘थोडं सोसावं’ हे उत्तर मिळते, तिथे वेडी ठरलेल्या बाईची साक्ष कोण घेणार, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मानगुटीवर बसला आहे.

वाचकांपैकी अनेकांच्या घरात, नात्यात, वस्तीत असा आजार असलेले माणूस असेल, म्हणून थोडे स्पष्ट करते. ज्याला डॉक्टर सायकोसिस म्हणतात, त्यात माणसाचा वास्तवाशी असलेला धागा सुटतो. नसलेले आवाज ऐकू येतात, कोणी पाळतीवर आहे असे पक्के वाटते, विचार तुटक होतात, झोप उडते. स्किझोफ्रेनिया हा त्यातला एक प्रकार. बाळंतपणानंतरही काही बायकांना असा झटका येतो, आणि ‘बाहेरचं लागलं’ म्हणून तिला अंधाऱ्या खोलीत ठेवले जाते. हा मेंदूचा आणि मनाचा आजार आहे, त्यावर औषधे आहेत आणि ती लागू पडतात. मात्र आजार झाला म्हणून बाईच्या अंगावर उठलेला वळ खोटा होत नाही. मारहाणीने, सततच्या भीतीने, उपाशी ठेवल्याने हा आजार बळावतो. आणि आजारी बाईला मारणे सोपे जाते, कारण तिचे कोणी ऐकत नाही हे मारणाऱ्याला पक्के ठाऊक असते. मानसिक रुग्ण म्हणजे मारका, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात तो मारण्यापेक्षा मार खाण्याचीच शक्यता जास्त असते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या दर दहा स्त्रियांपैकी सुमारे तिघींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कोणाकडे तरी मदत मागितलेल्या होत्या अवघ्या १४ टक्के. दुसरीकडे, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सायकोसिस असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक उपचाराविना असल्याचे आढळले. ज्या बाईच्या वाट्याला ही दोन्ही दुःखे एकाच वेळी येतात, तिला कुठल्या रकान्यात मोजायचे?

अशा बाईपर्यंत प्रथम पोहोचणारे माणूस म्हणजे वॉर्डातली सिस्टर. डॉक्टर दोन मिनिटे भेटतो, सिस्टर आठ तास असते. ती आंघोळ घालते, नखे कापते, पाळीचे कपडे देते, अंग बघते. म्हणून मनोरुग्णांच्या शुश्रूषेत निम्मे काम औषधाचे आणि निम्मे कानाचे असते, असे मी नव्या मुलींना सांगत आले.

ते काम कसे करायचे? नर्सिंगच्या पुस्तकात दोन ओळी असतात. बाकी वॉर्ड शिकवतो. पहिली गोष्ट, विचारायचे ते एकटीला. नवरा बाजूला उभा करून ‘घरी काही त्रास आहे का’ विचारणाऱ्या सिस्टरने न विचारलेलेच बरे, कारण उत्तराची शिक्षा बाईला घरी गेल्यावर मिळते. सासू-नणंदेला दुभाषी करायचे नाही. आजार ऐन भरात असताना उलटतपासणी घ्यायची नाही. झोप लागू लागली, भूक परतली, की आपोआप बोलणे निघते. बहुतेक वेळा ते रात्रपाळीत निघते, दिवे मंद झाल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली हिंसाचाराबाबत आरोग्य सेवकांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांचे सार हेच आहे : आधी ऐका, तिला काय हवे ते विचारा, तिच्यावर विश्वास ठेवा, ती सुरक्षित राहील असे बघा, पुढची मदत जोडून द्या.

दुसरी गोष्ट भ्रमाशी कसे बोलायचे, ही. ‘असं काही नसतं, गप झोप’ म्हटले की बाई मिटून जाते. ‘हो, नळात सासू आहे’ म्हणणे तर फसवणूकच. मी म्हणायची, ‘‘मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुम्हाला येतो आणि तुम्ही घाबरलात, हे मला दिसतंय.’’ एवढ्यावर खूप बायका हात धरून बसत.

तिसरी गोष्ट लिहिण्याची. परिचारिकेच्या नोंदी म्हणजे ‘पेशंट शांत, जेवण घेतले, तक्रार नाही’ एवढेच नव्हे. जखम कुठे, किती बोटे लांब, जुनी की ताजी. आणि बाई काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह. ‘संशय व्यक्त करते’ असे लिहायचे नाही. ‘नवऱ्याने उलथन्याने डागले असे सांगते’ असे लिहायचे. ज्यांना पिढ्यान्पिढ्या लिहू दिले गेले नाही, त्या आपल्या समाजाला लिहिलेल्या ओळीची ताकद वेगळी सांगायला नको.

औषधांचेही एक घरगुती राजकारण असते आणि ते सिस्टरलाच कळते. रिस्पेरिडोनने काही बायकांची पाळी थांबते, छातीतून दूध येते. घरात कुजबुज सुरू होते, आळ घेतला जातो. ओलान्झापिनने वजन वाढते, मग नवरा ‘फुकटचं खाऊन माजली’ म्हणून टोमणे मारतो. हॅलोपेरिडॉलने अंग ताठ होते, हात थरथरतात, एका जागी बसवत नाही. सासू म्हणते, ‘कामाला नको म्हणून सोंग करते’. सुट्टी देताना घरच्यांना हे पाच मिनिटे समजावून सांगितले असते तर कितीतरी बायकांचा मार वाचला असता आणि गोळ्याही बंद झाल्या नसत्या. गोळ्या बंद झाल्या की आजार उलटतो, आणि पुन्हा आमच्या दारात. मला तर दारातल्या बाईच्या तोंडाकडे पाहून कळायचे, गोळ्या तिने सोडल्या की तिला दिल्याच नाहीत.

बांधण्याबद्दल बोलले पाहिजे. घरात दावणीला बांधलेली बाई इस्पितळात आली आणि तिथेही दोन वॉर्डबॉयनी धरून खाटेला बांधली, तर तिच्या दृष्टीने फरक काय पडला? ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडात जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्या बातमीनंतर आमच्या वॉर्डात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलले नाही. २०१८ साली अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने साखळीने बांधणे बंद केले. भूल न देता शॉक देण्यास मनाई केली. सक्तीने केस भादरू नयेत, स्वतःचे कपडे घालू द्यावेत, पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू द्याव्यात, असे लिहून ठेवले. तात्पुरते बांधायचेच झाले तर समोर ठाकलेला धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने. शिक्षा म्हणून नाही आणि माणसे कमी आहेत म्हणूनही नाही. हे शेवटचे वाचून मला हसू आले आणि रडूही. माझ्या रात्रपाळीत साठ-सत्तर बायकांमागे एक सिस्टर आणि दोन मावश्या असत. कंत्राटी भरतीच्या काळात यात काय फरक पडला असेल, ते वाचकांनीच ठरवावे.

या नोकरीत आपल्या समाजातील कितीतरी मुली आल्या. नर्सिंग शाळेत आम्हाला फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा पाठ करवला गेला. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या वस्तीतून आजारी पोराला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यापर्यंत आणणारी आणि त्याच साथीत १० मार्चला गेलेली सावित्रीमाई मात्र कुठल्याही धड्यात नव्हती. ती आम्ही वसतिगृहात एकमेकींना सांगितली.

आता सर्वांत कठीण जागा : रुग्णालयाचे फाटक. बाई बरी होते आणि तिला ‘नातेवाइकांच्या स्वाधीन’ केले जाते. कोणत्या नातेवाइकाच्या? जो सही करायला येतो त्याच्या. माझी ती पेशंट पाच आठवड्यांत चांगली सावरली. घ्यायला नवरा आला. मी सही घेतली. तिने फक्त एवढेच विचारले, ‘‘सिस्टर, तुम्ही लिहिलंय ना?’’ मी म्हटले, लिहिलंय. तुला कुठे जायचंय, हे मी तिला विचारले नाही. विचारायची पद्धतच नव्हती, असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगितले. सात महिन्यांनी ती परत आली, तेव्हा तिचे खांद्याजवळचे हाड मोडलेले होते.

आज कायदा बाईच्या बाजूने बरेच काही सांगतो. ते वस्तीपर्यंत गेलेले नाही. २०१७ च्या कायद्यानुसार प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. त्यासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही, वकील लागत नाही. कोरा कागद आणि सही किंवा अंगठा. ज्याला नेमले त्याची लेखी संमती मात्र हवी. बाईने बहिणीचे, मैत्रिणीचे, शेजारणीचे नाव दिले तर उपचाराबाबत तिच्या बाजूने ती व्यक्ती बोलू शकते. कागद केला नसेल तर तो मान नातेवाइकाकडे जातो, आणि लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत नातेवाईक म्हणजे कोण पुढे येतो हे सांगायला नको. म्हणून बाई बरी असताना हा कागद करून ठेवावा. याच कायद्याच्या कलम १९ ने म्हटले आहे की, घरचे स्वीकारत नाहीत किंवा घर नाही एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही. घरच्यांनी टाकून दिले असेल तर कौटुंबिक घरात राहण्याचा हक्क मिळवून देण्यासाठी शासनाने कायदेशीर मदतीसह साहाय्य करायचे आहे.

२६ ऑक्टोबर २००६ पासून कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही लागू आहे. त्यात मारहाणीबरोबर लैंगिक, मानसिक आणि आर्थिक छळही येतो. बाई स्वतःच गेली पाहिजे असे नाही. संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही खबर देऊ शकतो. आधी अहवाल नाही म्हणून रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत, उलट घरगुती घटना अहवाल भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवणे हे रुग्णालयाचे काम आहे. किती रुग्णालयांत ते कोरे फॉर्म तरी सापडतील? तरीही हे होऊ शकते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. तिथे डॉक्टर आणि सिस्टर यांनाच शिकवून तयार केले गेले, की ‘पडले’, ‘भाजले’, ‘चुकून औषध प्यायले’ या उत्तरांच्या मागे काय असते. पुढे ते इतर रुग्णालयांतही नेले गेले. मनोरुग्णालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभागांच्या ओपीडीत असे टेबल का नसावे?

नवऱ्यांनाही कायदा कळतो, हे विसरू नये. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटासाठी जोडीदार सलग तीन वर्षे, बरे न होण्याजोगा वेडा असावा लागे. क्रूरपणा हे तर तेव्हा घटस्फोटाचे कारणच नव्हते, त्यावर फक्त न्यायिक विभक्तता मिळे. १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरपणाला घटस्फोटाचे कारण केले, ते चांगले झाले. त्याच दुरुस्तीने वेडाची तीन वर्षांची अटही गेली. तेव्हापासून गोळ्यांची चिठ्ठी हा कोर्टातला पुरावा झाला. १९८८ साली रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नुसते ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव पुरेसे नाही, आजार किती तीव्र आहे ते सिद्ध करावे लागेल. हा निकाल खेड्यातल्या वकिलाला माहीत नसतो, आणि असला तरी बाईच्या बाजूने तो उभा नसतो. उभा राहावा म्हणून सांगते : प्रत्येक स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येक माणसाला आणि मानसिक रुग्णालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागण्याचे कारण नाही.

थोडे आपल्या घरातही पाहू. ज्या घरांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्या घरांतून आलेल्या बायकांच्या अंगावरही मी भगताच्या डागण्या पाहिल्या आहेत. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माणूस सुनेला अमावस्येला दर्ग्यावर नेतो आणि सभेत अंधश्रद्धेवर बोलतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. नवऱ्याच्या छळाचे जुने कलम ४९८-अ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ झाले आहे. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब चोख ठेवणाऱ्या मंडळांनी वस्तीतल्या अशा दोन बायकांची नावे माहीत करून घ्यावीत. त्यांच्या गोळ्या चालू आहेत का, त्या कोणी कुटून डाळीत टाकत नाही ना, एवढे विचारावे. टेलिमानसचा १४४१६ आणि महिलांसाठीचा १८१ हे दोन क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहायला खडूचा तुकडा पुरतो.

त्या बाईचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. दुसऱ्या खेपेला मी तिला विचारले. ती म्हणाली, धाकट्या बहिणीकडे. बहीण चाळीत राहणारी, घरकाम करणारी. तिला निरोप धाडला, ती आली. वरिष्ठांनी कुरकुर केली, पण सोडले. पुढे नवऱ्याने घटस्फोटाचा दावा लावला आणि सोबत आमच्याच रुग्णालयाचे कागद जोडले. मोफत मिळालेल्या वकीलबाईंनी पूर्ण फाइल मागवली, त्यात माझ्या नोंदीही गेल्या. डागल्याच्या खुणांची ओळ कोर्टात वाचली गेली. पोटगी मंजूर झाली. चार महिने आली, मग थांबली. त्यासाठी बहिणीने पुन्हा खेटे घातले.

निवृत्त होण्याआधी ती मला ओपीडीत शेवटची भेटली. गोळ्यांची पाकिटे पदराच्या गाठीत होती. मी विचारले, नळातला आवाज? ती म्हणाली, ‘‘येतो कधीकधी. मग मी उठून नळ घट्ट बंद करते आणि परत झोपते.’’